धाव, उष्णता आणि झीज : हौशी मोटारचालकाच्या टायरचा विचार

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती चढवलेल्या लोखंडी पट्टीस मराठीत ‘धाव’ असे नाव आहे. लोहार ही धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल होईतो तापवतो, ती प्रसरण पावली की चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. निवताना धाव आकुंचन पावते व लाकडी घेर, आरे आणि तुंबा यांना घट्ट आवळून धरते. आगगाडीच्या चाकावर चढवलेले पोलादी कडे ही धावेची दुसरी पिढी, आणि मोटारीचे रबरी टायर ही तिसरी. तिन्हींचे कार्य एकच : भार वाहणे, जमिनीशी संबंध राखणे आणि चाकाच्या मूळ अंगाऐवजी स्वतः झिजणे. या तिन्हींत उष्णतेचा वाटा मात्र अगदी निरनिराळा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या देशात खाजगी मोटारमालकांनी शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर एखादा दिवस आपली नेहमीची मोटार वेगाने चालवून पाहण्याचा प्रघात पडू लागला आहे. यास ‘ट्रॅक-डे’ म्हणतात. ही शर्यत नसते. पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या असतात, क्रमांक लावले जात नाहीत, आणि चालक हौशी असतो. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील मार्ग आणि ग्रेटर नोएडा येथे २०११ मध्ये सुरू झालेला ५.१२५ किलोमीटर लांबीचा बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग ही आपल्याकडील परिचित स्थळे होत. सोलापूर जिल्ह्यातील मोटारमालकास यांपैकी जवळचे स्थळ गाठावयाचे झाले तरी सुमारे एक हजार किलोमीटर जावे लागते आणि तितकेच परत यावे लागते. ज्या टायरांवर तो मार्गावर फिरतो, त्याच टायरांवर बहुधा तो कुटुंबासह घरी येतो. म्हणून टायरची उष्णता व झीज हा प्रश्न केवळ हौसेचा किंवा खर्चाचा नाही. तो सुरक्षिततेचाही आहे.

१. कुर्डुवाडीचे पोलादी चाक

रबराचे वर्तन समजून घेण्यापूर्वी पोलादाचे वर्तन पाहणे उपयुक्त ठरेल, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे उत्तम उदाहरण आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे ती एकीकडे लातूरपर्यंत व दुसरीकडे पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. दोन फूट सहा इंच मापाचा हा अरुंद मार्ग १९५४ मध्ये सरकारच्या मालकीचा झाला आणि २००० नंतरच्या सुमारे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने रुंदमापी करण्यात आला.

कॅलथ्रॉपच्या योजनेचे मर्म असे की, इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. त्यामुळे यार्डास अवघे तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरेसे झाले. या मार्गावरील आरंभीच्या, लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेल्या इंजिनांना चार जोडलेले चालक आस होते. चार आसांवर मिळून वीस टन भार. कोरड्या रुळावर पोलादी चाकाचा घर्षणांक व्यवहारात पाव, म्हणजे ०.२५ च्या आसपास धरतात. तेव्हा अशा इंजिनाची चाके न घसरता फार तर पाच टनांचे ओढबळ देऊ शकत. आता १.२ टन वजनाची साधी मोटार पाहा. कोरड्या डांबरावर तिच्या टायरांचा घर्षणांक ०.८ ते १.० असतो, म्हणजे ती सुमारे एक टनाचे रोधबळ निर्माण करते. वजनाच्या प्रमाणात पाहिल्यास रबराची पकड पोलादाच्या तीन-चार पट भरते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. पोलादी चाक रुळावर लोटण्यास त्याच्यावरील भाराच्या हजारांश-दोन हजारांश इतकेच बळ पुरते. रबरी टायरास शतांश लागते. म्हणजे जे चाक कमी धरते ते कमी ऊर्जा खाते, आणि जे अधिक धरते ते अधिक खाते. हा योगायोग नव्हे. पकड आणि ऊर्जेचा ऱ्हास ही रबराच्या एकाच गुणधर्माची दोन रूपे आहेत. पुढील सर्व विवेचन या एका विधानावर उभे आहे.

पोलादी चाकास उष्णतेचा उपद्रव होतच नसे असे मात्र नाही. वाफेच्या इंजिनांच्या चाकांवर पोलादी कडे तापवून चढवले जाई, आणि त्याचा आतील व्यास चाकाच्या बाहेरील व्यासाहून सुमारे हजारास एक या प्रमाणात लहान ठेवत. पोलादाचा प्रसरणांक दर अंशास सुमारे ११.५ दशलक्षांश आहे. साध्या भागाकाराने दिसते की, मूळ चाक थंड राहून कडे सुमारे ८७ अंश सेल्सिअसने अधिक तापले तर आवळ पूर्णपणे नाहीशी होईल. त्या चाकांवर रोधक ठोकळे थेट कड्यावरच दाबले जात, म्हणून दीर्घकाळ ब्रेक लावल्यास ही शक्यता खरी होती. यासाठी कडे व चाक यांवर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढण्याची रीत होती. रेघ तुटलेली दिसली की कडे सरकले असे समजावे. शिवाय हातोडीने चाक ठोकून त्याच्या नादावरूनही परीक्षा होई. मोटारींच्या शर्यतीत काम करणारे यांत्रिक आजही टायर व रिम यांवर खडूची अशीच रेघ ओढतात, कारण जोराच्या ब्रेकने टायर रिमवर सरकू शकतो.

२. रबर धरते म्हणजे काय करते

चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबराचे व्हल्कनीकरण साधले, आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर प्रचारात आणला. आजच्या टायरच्या बाहेरील थरात, ज्यास आपण येथे धावेचा थर म्हणू, नैसर्गिक व कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, तेले व गंधक यांचे मिश्रण असते. रबराच्या लांबच लांब रेणुशृंखला गंधकाच्या दुव्यांनी जागोजाग बांधलेल्या असतात. असा पदार्थ दाबला असता तो ऊर्जा साठवतो, पण सोडल्यावर ती सर्व परत करीत नाही. शृंखला एकमेकींवरून सरकताना काही भाग उष्णतेत जातो. या उणिवेस शैथिल्य किंवा हिस्टेरिसिस म्हणतात.

डांबरी पृष्ठभाग दिसावयास सपाट असला तरी खडीच्या मिलिमीटरभर उंचवट्यांपासून मायक्रॉनभर टोकांपर्यंत तो खडबडीत असतो. टायर त्यावरून किंचित घसरत असता रबर प्रत्येक उंचवट्याच्या पुढील उतारावर दाबले जाते आणि मागील उतारावर तितक्याच जोमाने परत फुलत नाही. पुढील दाब मागील दाबाहून अधिक राहतो, आणि या अंतराचा आडवा घटक म्हणजेच घर्षणाचा एक भाग होय. दुसरा भाग आसंजनाचा, म्हणजे रबर व दगड यांच्या रेणूंमधील क्षणिक बंधांचा. हे बंध ताणले जाऊन तुटतात तेव्हाही रबरातील ऱ्हासच कामी येतो. के. ए. ग्रॉश याने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे दोन्ही भाग रबराच्या श्यान-स्थितिस्थापक गुणांशी निगडित असल्याचे दाखवून दिले. त्याने निरनिराळ्या वेगांवर व तापमानांवर घेतलेली मापे विल्यम्स, लँडेल व फेरी यांच्या १९५५ च्या सूत्राने रूपांतरित केली असता एकाच वक्रावर येऊन बसली. याचा अर्थ असा की, रबराच्या दृष्टीने तापमान वाढणे आणि विकृतीची वारंवारता घटणे या समान घटना आहेत.

येथे एक आक्षेप संभवतो. पकड व ऱ्हास एकच असतील तर कमी इंधन खाणारा आणि तरीही चांगला धरणारा टायर बनवणे अशक्य ठरावे. प्रत्यक्षात १९९० नंतरच्या दशकात सिलिकायुक्त मिश्रणांनी हे बऱ्याच अंशी साधले. त्याचे उत्तर वारंवारतेत आहे. ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदास २५ मीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक सेकंदास सुमारे तेरा वेळा फिरते. लोटण्यातील ऱ्हास या मंद वारंवारतेचा असतो. पकडीतील ऱ्हास मात्र सेकंदास हजारो ते लाखो आंदोलनांचा असतो : घसरण्याचा वेग सेकंदास २.६ मीटर असेल तर एक मिलिमीटर अंतरावरील उंचवटे रबरास सेकंदास २६०० वेळा दाबतात, आणि दहा मायक्रॉन अंतरावरील टोके दोन लाख साठ हजार वेळा. एका पट्ट्यात ऱ्हास कमी व दुसऱ्यात अधिक असे रबर रसायनज्ञ घडवू शकतो. मूळ विधान यामुळे बाधित होत नाही. पकड हवी त्या पट्ट्यात ऱ्हास पत्करावाच लागतो.

३. उष्णतेचा हिशेब

वळणावर टायरास आडवे बळ निर्माण करावयाचे असेल तर त्याचे तोंड ज्या दिशेस आहे आणि ते प्रत्यक्षात ज्या दिशेस जाते, या दोहोंत थोडा कोन पडावा लागतो. यास आपण विचलन-कोन म्हणू. रस्त्यावरील सामान्य वळणात हा कोन अंशभर असतो. मार्गावर, पकडीच्या सीमेजवळ, तो सहा अंशांवर जातो.

चालकासह १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ७१ मीटर त्रिज्येच्या वळणात सेकंदास २५ मीटर वेगाने जात आहे असे धरू. तिचा अपकेंद्री भार गुरुत्वाच्या ०.९ पट, म्हणजे सुमारे १०,६०० न्यूटन होतो. सहा अंश विचलन-कोन असता टायर आडवे घसरण्याचा वेग सेकंदास २.६ मीटर. दोहोंचा गुणाकार सुमारे २७.५ किलोवॅट. चारही टायर मिळून रबर व डांबर यांच्या सीमेवर इतकी शक्ती उष्णतेत जात असते. हीच मोटार त्याच वेगाने सरळ रस्त्यावर चालली असता लोटण्यातील ऱ्हास सुमारे २.९ किलोवॅट. म्हणजे वळणातील उष्णता नऊ-दहापट झाली, आणि दोन्ही वेळी वेगमापकाचा काटा एकाच आकड्यावर आहे. ‘मी काही फार वेगात नव्हतो’ हे हौशी चालकाचे विधान म्हणूनच टायरच्या बाबतीत निरर्थक ठरते. टायर तापतो तो बळ आणि घसरण यांच्या गुणाकाराने.

ही शक्ती चार टायरांत समान वाटली जात नाही. वळणात भार बाहेरील चाकांवर जातो, आणि पुढे इंजिन असलेल्या मोटारीत बाहेरील पुढच्या चाकावर विशेष. त्याच्या वाट्यास दहा किलोवॅट आले, वळण चार सेकंदांचे आहे, आणि निर्माण झालेल्या ४० किलोज्यूलपैकी निम्मी उष्णता रबरात व निम्मी रस्त्यात गेली असे मानू. टायरच्या वरच्या एक मिलिमीटर थराचे वस्तुमान सुमारे ०.४ किलोग्रॅम भरते व रबराची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमास १.७ किलोज्यूलच्या आसपास आहे. एवढ्याने तो थर एका वळणात सुमारे तीस अंशांनी तापतो. पुढच्या सरळ भागात तो बराच निवतो, मग पुन्हा वळण येते.

ब्रेकचा हिशेब निराळा आहे. ताशी १२० वरून ६० किलोमीटरवर येताना या मोटारीची सुमारे ५०० किलोज्यूल गतिज ऊर्जा जाते. चाक आठ टक्के घसरत असेल तर त्यांपैकी सुमारे ४० किलोज्यूल टायर व रस्ता यांच्यामध्ये खर्च होतात. उरलेल्यांपैकी बहुतेक ब्रेकच्या तबकड्यांत जातात. परंतु तबकडीची उष्णता रिममधून टायरच्या आतील हवेस आणि कडेस पोहोचते. अशा रीतीने टायर बाहेरून घसरणीने, अंगातून वाकण्याने आणि आतून ब्रेकने असा तिन्हीकडून तापतो.

४. उष्णता कोठे राहते

पोलाद व रबर यांतील निर्णायक भेद येथे दिसून येतो. पोलादाची उष्णतावाहकता रबराच्या सुमारे दोनशे पट आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या थरातून उष्णता पसरण्यास लागणारा काळ जाडीचा वर्ग भागिले उष्णता-विसरणांक या मानाने काढला, तर पोलादास सुमारे पाच सेकंद आणि रबरास सुमारे दहा मिनिटे लागतात. नव्या टायरच्या धावेचा थर साधारण इतकाच जाड असतो.

हे दहा मिनिटांचे अंतर हौशी चालकास फसवते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत टायरचा पृष्ठभाग तापून पकड सुधारते, आणि मोटार हाताशी आली असे वाटू लागते. त्याच वेळी उष्णता सावकाश आत झिरपत असते. दहाव्या-बाराव्या मिनिटास थराचा तळ व त्याखालील पोलादी तारांचे पट्टे तापतात, आणि चालकाचा आत्मविश्वास नेमका त्याच सुमारास सर्वाधिक असतो.

सामान्य रस्त्याच्या टायरास धावेच्या थराचे ६० ते ९० अंश सेल्सिअस तापमान मानवते. मार्गासाठी बनवलेल्या टायरांची कक्षा याहून काहीशी वर असते. थंड असता रबर त्या उच्च वारंवारतेस काचेसारखे ताठ वागते, उंचवट्यांभोवती बसत नाही व कमी धरते. फार तापले तर मऊ होते, त्यातील ऱ्हास घटतो, आणि पकड पुन्हा उतरते. मागील भागातील ग्रॉशच्या वक्राचे शिखर ते हेच. सुमारे ११० अंशांपलीकडे सामान्य टायर चिकट व निसरडा वाटू लागतो. अशा वेळी चालक स्टीअरिंग अधिक वळवतो, विचलन-कोन वाढतो, घसरण वाढते, आणि उष्णतेत भर पडते. हे दुष्टचक्र वेग कमी करूनच तोडता येते.

आपल्याकडील हवामानाचा विचारही येथे अवश्य आहे. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतील तापमान चाळीस अंशांवर जाते आणि दुपारच्या उन्हात डांबर साठ अंशांच्या वर तापते. टायरचे निवणे त्याच्या व हवेच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. नव्वद अंशांचा टायर पंचवीस अंशांच्या सकाळी ६५ अंशांच्या फरकाने निवतो, बेचाळीस अंशांच्या दुपारी ४८ अंशांच्या. निवण्याचा वेग सुमारे चतुर्थांशाने घटतो. सकाळी निर्धोक ठरलेली फेरी दुपारी निर्धोक असेलच असे नाही.

५. हवेचा दाब आणि परतीचा प्रवास

टायरमधील हवा वायूंच्या सामान्य नियमाने वागते. मात्र हिशेब निरपेक्ष दाबाने व निरपेक्ष तापमानाने करावयास हवा. तीस अंशांवर दाबमापक चौरस इंचास ३२ पौंड, म्हणजे व्यवहारातील ३२ पीएसआय, दाखवीत असेल तर निरपेक्ष दाब ४६.७ होतो. आतील हवा ८० अंशांवर गेली की तो ३५३ भागिले ३०३ या प्रमाणात वाढून ५४.४ होतो, आणि मापक सुमारे ४० दाखवतो. कोरडा नायट्रोजन भरला तरी हा आकडा बदलत नाही. नायट्रोजनचा खरा लाभ त्यात ओलावा व प्राणवायू नसण्यात आहे, कारण पाण्याची वाफ दाब आणखी वाढवते आणि प्राणवायू रबर आतून जून करतो.

दाब वाढल्यावर टायरचा मध्य फुगतो, जमिनीवरील ठसा लहान होतो, मध्यभाग अधिक तापतो व झिजतो. म्हणून मार्गावरील अनुभवी चालक फेरीनंतर तापलेल्या टायरातील हवा थोडी सोडून दाब पुन्हा बत्तिशीच्या आसपास आणतात. त्या दिवसापुरती ही क्रिया योग्य आहे. परंतु असा टायर रात्रभर निवून तीस अंशांवर आला की निरपेक्ष दाब ४०.१ उरतो, म्हणजे मापकावर सुमारे २५. आता हीच मोटार, भरलेल्या सामानासह व चार माणसांसह, बंगळूर–विजापूर–सोलापूर मार्गाने हजार किलोमीटर परत यावयाची आहे.

कमी दाबाच्या टायराची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यास अधिक वाकते. मागे सांगितल्याप्रमाणे चाक सेकंदास तेरा वेळा फिरते. तासाला हे सत्तेचाळीस हजारांच्या घरात जाते. प्रत्येक वाकण्यात शैथिल्याने थोडी उष्णता जमते, रबर ती बाहेर जाऊ देत नाही, आणि टायरच्या खांद्यापाशी, पोलादी पट्ट्यांच्या कडेस, तापमान चढत जाते. मार्गावरील तापण्याने जेथे रबर व तार यांचा बंध आधीच क्षीण झालेला असतो, नेमके तेथेच हे घडते. परिणामी थर सुटणे किंवा टायर फुटणे संभवते, आणि ते बहुधा मार्गावर न घडता दुसऱ्या दिवशी महामार्गावर घडते. मार्गावर मोटारीपाशी मदतनीस, सुरक्षित मोकळी जागा व रुग्णवाहिका असते. महामार्गावर शेजारी मालमोटार असते.

६. झिजेचे वाचन

शालामाख व टर्नर यांनी १९६० मध्ये दाखवले की, लहान विचलन-कोनांवर टायरची झीज कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका अंशावरून सहा अंशांवर गेल्यास स्थूलमानाने छत्तीसपट. पकडीच्या सीमेजवळ आणि उच्च तापमानात हे प्रमाण याहूनही वाढते. रस्त्यावर चाळीस हजार किलोमीटर टिकणारा टायर मार्गावरील थोड्या दिवसांत का संपतो, याचे उत्तर या वर्गात आहे.

झिजेच्या खुणा वाचता आल्या तर त्या तापमापकाइतक्याच बोलक्या असतात. पृष्ठभागावर घसरणीच्या दिशेस आडव्या, बारीक कंगोऱ्यांच्या रांगा दिसल्या तर ती सामान्य घर्षणझीज. रबराचे नेहमीचे लक्षण. थरावर रबराच्या गुंडाळ्या व कण जमून तो खरखरीत झाला असेल तर टायर पुरेसा तापण्यापूर्वीच त्यावर जोर दिला गेला, पृष्ठभाग फाटत गेला. फोड किंवा खळगे दिसल्यास थराच्या आतील भाग अतिशय तापला असे समजावे, आणि असा टायर पुन्हा रस्त्यावर वापरू नये. पृष्ठभाग निळसर, चकचकीत व घट्ट झाला असेल तर उष्णतेने रबर जून झाले. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांस सुमारे दुप्पट होतो, हा स्थूल नियम येथेही लागू पडतो. खाचा शाबूत असूनही टायर निकामी असू शकतो तो यामुळेच.

तापमान मोजावयाचे झाल्यास सुईचा मापक धावेच्या थरात आतील बाजूस, मध्यावर व बाहेरील बाजूस असा तीन ठिकाणी टोचावा. दुरून अवरक्त किरणांनी मोजणारे यंत्र केवळ पृष्ठभाग सांगते, आणि मोटार थांबेपर्यंत पृष्ठभाग निवलेला असतो. मध्य अधिक तापलेला असेल तर दाब जास्त. दोन्ही कडा तापल्या असतील तर दाब कमी. केवळ बाहेरील कड तापली असेल तर चाकाचा आतील कल अपुरा, किंवा चालकाने वळणात स्टीअरिंग गरजेहून अधिक वळवले. सामान्य मोटारीत बहुधा हे शेवटचेच कारण आढळते.

आगगाडीचे पोलादी कडे झिजले की ते खरादावर धरून त्याचा आकार पुन्हा काढता येतो, आणि जाडी ठराविक मर्यादेखाली गेल्यावरच ते बदलतात. रबरी टायरास असे दुसरे आयुष्य नाही. त्याची तपासणी हाच त्याचा खराद. मोटारीच्या टायरांच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजेपर्यंत कायद्याने चालतात. परंतु मार्गावर नेण्यास ही मर्यादा पुरेशी नाही. भिंतीवरील चार अंकी संख्येने निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुना टायर कितीही कोरा दिसला तरी मार्गावर नेऊ नये.

७. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात सांगता येईल. रबर धरते ते ऊर्जा गमावून. ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टायरातच मुरते, कारण रबर तिला लवकर बाहेर जाऊ देत नाही. आणि झीज ही तिचीच दृश्य नोंद आहे. कुर्डुवाडीच्या मार्गावरील पोलादी चाक थोडे धरून थोडे तापत असे व मिळालेली उष्णता लगेच पसरवीत असे. रबरी चाकाने अधिक पकड पत्करली, तिच्याबरोबर अधिक जोखीमही पत्करली.

व्यवहारास यातून चार नियम निघतात. पहिली फेरी सावकाश, टायर तापण्यासाठी. सलग जोराचे चालवणे दहा-बारा मिनिटांवर न नेणे. शेवटची फेरी पुन्हा सावकाश, टायर व ब्रेक निवण्यासाठी. आणि घरी निघण्यापूर्वी, टायर पूर्ण थंड असता, मोटारीच्या दारावरील पत्रकात भरलेल्या मोटारीसाठी दिलेला दाब पुन्हा भरणे व चारही टायर आतील बाजूसह डोळ्यांनी तपासणे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे प्रयोगासही वाव आहे. त्यासाठी शर्यतीचा मार्ग लागत नाही. एक सुईचा तापमापक, एक दाबमापक व एक साधी मोटार एवढ्यावर कुर्डुवाडी–टेंभुर्णी रस्त्यावर, वेगाची मर्यादा पाळून, सकाळी व दुपारी टायरचे तापमान तीन ठिकाणी मोजता येईल, आणि २५ व ३२ पीएसआय या दोन दाबांवरील अंतर नोंदता येईल. पहिल्या दाबाची चाचणी रिकाम्या मोटारीने, मंद गतीने व थोड्या अंतरापुरतीच करावी. उसाच्या हंगामात याच रस्त्यांवर भरगच्च ट्रॉल्या चालतात. त्यांच्या टायरांना भार व दाब यांचा हाच नियम लागू आहे. हौशी मोटारचालकाच्या निमित्ताने झालेला हा अभ्यास त्यांच्याही उपयोगी पडावा.